मोल, मेहनत आणि मोड

नवा संसार मांडायचा म्हटलं की पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा भांड्यांचा. जागा भाड्यानं मिळते. भांडीही भाड्यानं मिळतात, पण ती लग्नकार्यापुरती. रोजच्या वरणभाताला स्वतःचं पातेलं लागतं. नोकरीसाठी पुण्या-ठाण्यात एका खोलीत राहायला आलेली, पहिल्यांदाच हातानं शिजवून खाणारी मुलं-मुली भांड्यांच्या दुकानात उभी राहतात आणि विचारतात, "यातलं स्वस्त कुठलं?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडं बरेचदा बदललं. प्रत्येक वेळी भांड्याबरोबर घरातल्या बाईचं कामही बदललं, आणि तिच्या हातातला पैसाही. ती हकिकत आज सांगायची आहे.

जुन्या बायका भांडं घेताना तीन गोष्टी तोलत. मी माझ्या सोयीसाठी त्यांना तीन 'म' म्हणतो. पहिलं मोल, म्हणजे दुकानात मोजायचे पैसे. दुसरी मेहनत, म्हणजे ते भांडं वापरताना, घासताना, राखताना पडणारे कष्ट आणि होणारा खर्च. आणि तिसरी मोड, म्हणजे वेळप्रसंगी तेच भांडं विकायला काढलं तर पदरात पडणारी रक्कम. आजचं गिऱ्हाईक पहिला 'म' विचारतं. आपल्या आज्या तिन्ही विचारायच्या.

सुरुवात मातीपासून करू. गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. तो घराला मडकी, गाडगी, परळ, वेळण्या पुरवायचा आणि सुगीला आपलं बलुतं घेऊन जायचा. तेव्हा मातीच्या भांड्याला रोख पैसा फारसा लागतच नसे. मोड मात्र शून्य. फुटलं की खापर! मातीच्या भांड्यातलं कालवण रुचकर लागतं हे खरं, कारण माती सावकाश तापते आणि सावकाश निवते. पण ज्यांच्या घरी मातीशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यांनी ती चवीसाठी ठेवलेली नव्हती.

आणि सगळ्यांनाच निवड करायची मोकळीक होती, असंही नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी धातूची भांडी वापरू नयेत, अशी रूढी कित्येक ठिकाणी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात आदल्याच वर्षीचा एक प्रसंग नोंदवला आहे. अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तेवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला. भांड्यात पाणीच होतं, पण भांडं मातीचं नव्हतं, हा त्यांचा गुन्हा! परवडणं ही गोष्ट खिशाआधी समाजाच्या परवानगीवर ठरत होती, हे भांड्यांचा इतिहास सांगताना विसरून चालणार नाही.

ज्यांना परवानगीही होती आणि थोडी ऐपतही, त्यांच्या घरी तांबं-पितळ आलं. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, कथील मिसळलं की कासं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या हातोड्याचे ठोके घुमले. नाशिकचा भांडी बाजार आणि विदर्भातलं भंडारा ही पितळेसाठी नावाजलेली ठिकाणं. आमच्याकडं, म्हणजे मुसलमानांच्या घरांत, तांब्याच्या देगच्या, लगन आणि तोटीचा बधना असायचा. शेजारीपाजारी पितळेची तपेली, हंडा-कळशी आणि घंगाळ. स्वयंपाक वेगळा, भांड्यांचे आकार वेगळे, पण दोन्ही घरं एका माणसाची सारखीच वाट बघायची. तो माणूस म्हणजे कल्हईवाला.

चिंचेची आमटी, कोकमाचं सार किंवा ताक कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं. कळकलेलं ताक एकदा प्यायलेला माणूस ती चव विसरत नाही. ते नुसतं बेचव नसतं, पोटालाही बाधतं. आंबटातलं आम्ल धातूला खातं आणि तो धातू अन्नात उतरतो. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तीच कल्हई. आमच्या मोहल्ल्यात दोन-तीन कल्हईवाले होते. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, पोऱ्यानं भाता मारायचा, भांडं लालसर तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं तो चकाकता थर झरझर सगळीकडं फिरवायचा. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला, छोट्याशा भट्टीवर होऊ शकत होतं. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. घरातल्या बाईला तो खर्च वाटायचा.

कारण कल्हई टिकाऊ नव्हती. घासून घासून, उलथनं लागून ती जायची आणि काही महिन्यांनी परत भांडी काढावी लागायची. शिवाय ते कथीलही परमुलखातलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला कथील पुरवणारा सगळ्यात मोठा मुलूख मलाया होता. आपल्या खेड्यातल्या आमटीची चव समुद्रापलीकडच्या खाणींवर अवलंबून होती म्हणायची! आणि रोजचं घासणं वेगळंच. राख, माती, चिंचेचा चोथा, नारळाची शेंडी. चुलीवरच्या काजळीनं माखलेलं जड तपेलं ओट्याशिवायच्या घरात, उकिडवं बसून घासायचं. पितळेची लकाकी बायकांच्या मनगटांतून आलेली असे.

मग मोलही जास्त, मेहनतही जास्त, तरी गरीब माणूस पोटाला चिमटा काढून पितळ का घेत होता?

उत्तर तिसऱ्या 'म'त आहे. तांब्या-पितळेचं भांडं वजनावर विकलं जाई. घडणावळ सोडली तर दिलेला पैसा धातूच्या रूपानं घरात राही. भांडं फुटत नसे, कुजत नसे, वाळवी लागत नसे. पोचा आला तरी वजन तेवढंच. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं १९६९ साली, आणि त्यानंतरही खेड्यातल्या बाईला बँकेची पायरी चढायला वर्षं लागली. तोवर तिची बँक म्हणजे भिंतीवरची मांडणी. सुगी चांगली झाली की एक हंडा वाढायचा. आजारपण आलं की तोच हंडा गहाण पडायचा. सावकार भाव पाडून घ्यायचा, पण घ्यायचा. मातीचं गाडगं त्यानं दारातही ठेवून घेतलं नसतं.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणारे वडीलधारे जनावरांबरोबर विकलेल्या भांड्यांचीही गोष्ट सांगतात. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि घरोघरची मिळकत थांबली. गिरणगावातल्या कित्येक खोल्यांत आधी दागिने गेले, मग भांडी गेली. मांडणी रिकामी होत गेली आणि त्यावर काही दिवस चूल पेटत राहिली. भांडं अन्न शिजवतं, तसंच अडीअडचणीला स्वतः अन्न होतं, हे त्या माणसांनी बघितलं.

आता या तिन्ही 'म'चं गणित ज्यानं पार उलटंपालटं केलं, त्या धातूकडं येऊ. तो म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. आपल्या खेडोपाडी त्याला आजही 'जर्मन' म्हणतात. एकेकाळी हा धातू इतका दुर्मीळ होता, की १८८४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मानानं त्याचा तुकडा बसवला गेला. दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे, विजेच्या साहाय्यानं तो वेगळा करायची रीत शोधली आणि त्याचा भाव कोसळला. आपल्या देशात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कला विद्यालयाचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. पुढं १९४३ मध्ये त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानात अलुव्याजवळ हा धातू देशातच तयार होऊ लागला. १९६२ साली उत्तर प्रदेशात रेणुकूटचा कारखाना सुरू झाला आणि 'हिंडालियम' हा शब्द आपल्या बायकांच्या तोंडी आला.

अ‍ॅल्युमिनियम पितळेच्या मानानं सुमारे एकतृतीयांश वजनाचं. भांडी वजनावर विकणाऱ्या बाजारात याचा अर्थ काय, ते लक्षात घ्या. शेराचा भाव सारखा धरला, तरी तेवढ्याच मापाचं पातेलं तिसऱ्या हिश्शाच्या पैशात! कल्हईची कटकट नाही. आच लगेच धरतं, त्यामुळं रॉकेलही कमी लागतं. खांद्यावरून पाणी आणणाऱ्या पोरीच्या घागरीचं ओझं हलकं झालं. खोट एवढीच, की चिंच-टोमॅटोनं ते काळवंडतं, आंबट त्यात ठेवू नये, आणि पडलं की पोचा ठरलेला. मोडही नावापुरती.

लोकांनी त्याला मान कधी दिला नाही. तुरुंगात, इस्पितळात, स्वस्त खाणावळीत जर्मनचं ताट. चार पाहुण्यांसमोर ते लपवायचं. रुखवतात मांडायचं नाही. माझ्या मते हा अन्याय झाला. ज्या घरांना पितळेचं तपेलं जन्मात परवडलं नसतं, त्या घरांत धातूचं पहिलं भांडं आणलं ते या पोचे पडलेल्या जर्मननं. झोपडपट्टीतल्या, चाळीतल्या, वाडीवस्तीवरच्या किती पहिल्या संसारांना त्यानं उभं केलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारांचा प्रश्नही जुनाच आहे. कलकत्त्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळशाची छोटी शेगडी, वर डब्यावर डबे. वाफेवर सगळं एकदम शिजायचं आणि माणूस आपल्या कामाला मोकळा. दाबावर शिजवणाऱ्या कुकरची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनमध्ये तसं भांडं दाखवलं होतं. आपल्याकडं हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर १९५९ साली बनू लागले. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की आतलं पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं आणि तासाभराची डाळ काही शिट्ट्यांत शिजते. गंमत अशी, की हे कुकर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचेच होते. ज्याला ताट म्हणून नाकं मुरडली, त्याच धातूला कुकर म्हणून मध्यमवर्गानं ओट्यावर मानाची जागा दिली.

मग आलं स्टेनलेस स्टील. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांना १९१३ साली बंदुकीच्या नळीसाठी धातू शोधताना ते सापडलं. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्यावर एक अदृश्य थर धरतो आणि गंज चढत नाही. आपल्या घरी ते मोठ्या प्रमाणावर आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यातून पत्रा निघू लागला आणि 'सेलम' हा शब्द भांड्याच्या दुकानांत चांगल्या स्टीलची हमी म्हणून चालू लागला.

पण स्टील आपल्या गल्लीत आणलं ते बोहारणीनं. डोक्यावर टोपली, पाठीवर गाठोडं. जुनी पँट, जरीची विरलेली साडी देऊन त्या बदल्यात डबा, वाटी, पातेलं. रोख पैसा नवऱ्याच्या हातात असायचा, जुने कपडे मात्र बायकोच्या. त्यामुळं या सौद्यात तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. दुपारच्या वेळी, पुरुष कामावर असताना, दारात बसून तासभर घासाघीस करून तिनं तिचं स्वयंपाकघर एकेक वाटीनं बदललं. भांड्यांच्या भिशीनं उरलेलं काम केलं.

स्टीलनं मेहनत वाचवली, यात शंका नाही. कल्हई नाही, कळकणं नाही, राखेनं घासणं नाही. उणीव एकच, की ते आच पसरवत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या मानानं त्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद सुमारे पंधरावा हिस्सा. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध बुडाशी लागतं. त्यावर तोडगा म्हणून बुडाला तांबं चढवलं गेलं, आणि अलीकडं दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम घातलेली भांडी आली. पण स्टील घ्यायला पैसा आला कुठून? बऱ्याच घरांत पितळ मोडून. आजीचे दोन हंडे दिले आणि चकचकीत डब्यांचा संच आला. त्या दिवशी घर उजळलं. मांडणीतली ठेव मात्र संपली, कारण स्टीलच्या मोडीला पितळेसारखा भाव नाही.

शेवटचा टप्पा निर्लेप भांड्यांचा. टेफ्लॉन हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत योगायोगानं सापडला. फ्रान्समध्ये मार्क ग्रेगॉर यांनी १९५४ साली तो तव्यावर बसवला. आणि १९६८ साली त्या वेळच्या औरंगाबादमध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, 'निर्लेप' हे अस्सल मराठी नाव घेऊन भारतातला असा पहिला तवा निघाला. तेल कमी लागतं, डोसा चिकटत नाही. पण तो लेप जपावा लागतो. लाकडी उलथनं वापरायचं, तारेच्या घासणीनं घासायचं नाही, रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही. लेप निघाला की तवा गेला. मोड जवळजवळ शून्य. म्हणजे सगळं वर्तुळ फिरून आपण परत मातीच्या गाडग्यापाशी आलो. फरक इतकाच, की गाडगं बलुत्यात मिळायचं आणि फुटलं तर मातीत मिसळायचं.

या सगळ्या भांड्यांना जोडणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे त्यांच्यावर घातलेलं नाव. पूर्वी ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून, नंतर विजेच्या सुईनं, दुकानदार नाव घालून द्यायचा. आम्हा कवींची नावं पुस्तकांवर छापली जातात आणि रद्दीत जातात. कित्येक बायकांचं नाव त्यांच्या अख्ख्या आयुष्यात कोरलं गेलं ते फक्त एका पातेल्यावर. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, आणि आंदणातली पाच भांडी तिच्या. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, ते तिचंच राहतं. मुस्लिम बायकांसाठी १९८६ साली जो कायदा आला, त्यावर वाद पुष्कळ झाले. पण लग्नात मिळालेल्या वस्तूंवर घटस्फोटानंतर तिचाच हक्क, हे कलम त्यातही आहे. गरीब घरात वाद न्यायालयापर्यंत पोचतच नाही. तिथं पातेल्यावरचं नाव हाच दस्तऐवज.

आता परत दुकानात उभ्या असलेल्या त्या मुलामुलींकडं. त्यांना मी तिन्ही 'म' विचारायला सांगेन. मोड आज भांड्यात उरलेली नाही, बचत आता बँकेत असते. त्यामुळं तिसऱ्या 'म'चा अर्थ बदलून घ्यावा. हे भांडं किती वर्षं टिकेल, हीच आता त्याची मोड. त्या हिशेबानं बिडाचा किंवा लोखंडी तवा आणि लोखंडी कढई अजूनही सगळ्यात स्वस्त. लग्नात लोखंड कुणी भेट देत नाही, त्यावर नाव कुणी घालत नाही, पण तेल लावून कोरडं ठेवलं तर दोन पिढ्या भाकरी भाजतं. एक तीन लिटरचा कुकर, कारण तो आयुष्यभर गॅस वाचवतो. स्टीलची दोनच पातेली, पण जाड बुडाची. सहा पातळ भांड्यांचा संच स्वस्त दिसतो आणि सहाही करपवतो. तेव्हा भांडं आधी हातात तोलून पाहावं.

स्टीलच्या दुकानात काही जण लोहचुंबक घेऊन जातात. त्यावर फार विसंबू नये. निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या हलक्या स्टीलचंही तसंच. इंडक्शनची शेगडी असेल, तर उलट चुंबक बुडाला चिकटलंच पाहिजे. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय खूण सक्तीची करण्याचा आदेश केंद्र सरकारनं २०२४ साली काढला आहे. तेव्हा ती खूण शोधावी. जर्मनचं पातेलं घ्यायलाही लाजू नये. चहाला, दुधाला ते उत्तम. आंबट तेवढं त्यात शिजवू नये.

आणि एक करावं. दुकानदार अजूनही विचारतो, "नाव काय घालू?" पूर्वी या प्रश्नाचं उत्तर बहुधा दुसरंच कुणी द्यायचं. वडील, सासू किंवा आहेर करणारे. आज स्वतःच्या पगारातून पहिलं पातेलं घेणारी मुलगी समोर उभी असते. तिनं स्वतःचं नाव सांगावं. दोन रुपये जास्त पडतील, पण सांगावं.